मागच्या दाराचा लॉज

लॉजात राहून आले हे आळीत कळल्यापासून बाया विचारतात, कसा असतो गो लॉज? मी म्हणते, बरा असतो. याच्यापुढे माझ्या तोंडून काही निघत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा गळा धरतो. लिहिताना मात्र तसं होत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर अजून बरं आहे. दुपारी पोहे पापड उन्हात टाकले की कावळ्यांची राखण करत ओट्यावर बसावं लागतं, तेव्हा हे लिहिते.

आमचे हे मला घरकोंबडी म्हणतात. खरंच आहे ते. आमचं गाव पेणच्या खाली, खाडीच्या अंगाला. पेणच्या बाजाराला गेले तरी माझं अर्धं लक्ष घरी असतं. उधाणाचं पाणी बांधावर आलं असेल का, कोंबड्या कोणी कोंडल्या असतील का, चुलीवरचं दूध झाकलं होतं का. दुसऱ्याच्या घरी मला झोप येत नाही. बहिणीकडे लग्नाला गेले तरी रात्रभर आढ्याकडे बघत पडते आणि कोंबडा आरवायची वाट बघते.

माझ्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, बरोबर उलट्या. यजमान वारल्यापासून त्यांनी एकही यात्रेची बस सोडली नाही. ठिकठिकाणच्या लॉजांतले छोटे साबण त्यांच्या ट्रंकेत आहेत. ते त्या वापरत नाहीत, वास घेतात आणि परत ठेवतात.

जायचं होतं मनीकडे. मनी माझी एकुलती एक मुलगी, रोह्याजवळ वरसे गावात दिलेली. जावई कंपनीत शिफ्टला असतात. मनीला सातवा लागला होता. सासरी डोहाळजेवण करायचं आणि दुसऱ्या दिवशी तिला बाळंतपणाला माझ्याकडे आणायची, असं ठरलं होतं. म्हणजे एक रात्र तिकडे राहणं आलं. आणि मुलीच्या घरी मी राहणार नव्हते.

आमच्याकडे पहिलं मूल होईपर्यंत आईबाप मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत. माझी आई मला भेटायला यायची तेव्हा शेजारच्या घरी जाऊन पाणी प्यायची. आता हे कोणी फारसं पाळत नाही. पण मनीचं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं होतं, तेव्हा मी गावदेवीपुढे बोलून बसले होते: हिचं बाळ माझ्या हातात येईपर्यंत त्या घरचा थेंब तोंडात घालणार नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. यांनाही नाही, यांना वाटलं मी जुनी रीत धरून बसलेय. बोललेलं बाहेर काढलं की त्यातलं बळ जातं असं मला वाटतं.

ह्यांनी व्याह्यांना कळवलं की रोह्यात आमच्या नात्यातले आहेत, तिथे बायका उतरतील. नात्यातलं तिथे कोणी नाही. ह्यांनी लॉज सांगून ठेवला होता. सोबतीला वन्सं. त्या आनंदाने तयार झाल्या.

पेणहून रोहा

माझ्या पिशवीत होतं: घरची चादर, उशीचा अभ्रा, तांब्या, बाटलीभर पाणी, दोन वेळच्या तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, आणि डोहाळजेवणासाठी पापडांचा डबा. वन्सं म्हणाल्या, "चूल तेवढी राहिली गो. तीबी घे डोक्यावर."

गाडी सुटली तशी मी मागे बघत राहिले. पेण सोडलं की थोडा वेळ आपलीच सपाट जमीन दिसते, मग डोंगर जवळ येतात आणि हवेतला खारा वास जातो. तो गेला की मला उघड्यावर आल्यासारखं होतं. नागोठणं आलं तेव्हा मला आठवलं की कोंबड्यांच्या खुराड्याला दगड लावला की नाही ते आठवत नाही. वन्सं खिडकीशी बसून कणीस खात होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्हाला घराचं काही वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "घर कुठं जातंय? पाय फुटलेत त्याला?"

पण घराला पाय फुटत नाहीत म्हणूनच तर काळजी वाटते. ते बिचारं जिथल्या तिथे एकटं राहतं.

लॉज

बाजारात, खाली भांड्यांचं दुकान, वर लॉज. जिना चढताना मला वाटत होतं की सगळा बाजार माझ्याकडे बघतोय. मॅनेजरने विचारलं, कशासाठी आलात, तेव्हा मी वन्संच्या पाठीमागे गेले. त्यांनी सगळं सांगितलं, न विचारलेलंही. कोणाचा तरी फोन नंबर हवा होता, तर जावयांचा दिला. मॅनेजरने किल्ली माझ्या हातात ठेवून सांगितलं, "मावशी, खोली सोडताना कुलूप लावायचं. कधीच उघडी ठेवायची नाय."

आमच्या घराला कुलूप नाही. कडी असते, ती कुत्रं शिरू नये म्हणून. ती किल्ली मी पदराच्या टोकाला घट्ट बांधली.

आता खोली. बायका हेच विचारतात, म्हणून नीट लिहिते. दोन खाटा, त्यांच्या समोर भला मोठा आरसा. झोपताना आपणच आपल्याला दिसतो. भिंतीत टीव्ही. अंथरुणाला लागूनच मोरी आणि संडास, एका दाराआड. घरी आम्ही संडासाकडून आलो की पाय धुतल्याशिवाय आत येत नाही, इथे पाय धुवून बाहेर येऊन कुठे जायचं तर तिथेच. चूल नाही, देव नाही, उंबरठा नाही. उंबरठा नसलेल्या खोलीत आत आले कधी आणि बाहेर गेले कधी हेच कळत नाही. चादर स्वच्छ होती, पण घडीवर कोणाचा तरी केस होता. मी ती काढून माझी घातली.

मग मला काही कामच उरलं नाही. हे सगळ्यात वाईट. घरी बसले तरी हात चालू असतात, तांदूळ निवडते, पापड उलटते. इथे हात मांडीवर ठेवून बसायचं. मी केरसुणी मागितली तर झाडणारी बाई हसली आणि म्हणाली, "मावशे, माझं काम काढून घेतेस काय?" मग ओल्या फडक्याने आरसा पुसला, खिडकीचे गज पुसले. वन्सं तोवर दोनदा बेल दाबून चहा प्यायल्या होत्या आणि गरम पाण्याचा नळ सारखा चालू बंद करून बघत होत्या. "आलं की, पुन्हा गरम आलं!" असं त्या आतून ओरडत होत्या.

वरसे

संध्याकाळी मनीला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं होतं. तिच्या पायांवर सूज होती. मी बघितली, पण त्या वेळी बोलले नाही. ओटी भरताना तिने माझा हात धरला तो सोडेना.

जेवायची वेळ झाली तशी मी हळूच म्हणाले, माझा उपास आहे. विहीणबाई म्हणजे मनीच्या सासूबाई, भातशेती करणाऱ्या घरातली दणकट बाई, आवाज मोठा, मन मोकळं. त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी करून घेऊन आल्या. आता काय करावं? मी म्हणाले, निर्जळी आहे. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. वन्सं शेजारी बसून स्वतःच्या आणि माझ्या, दोन्ही पानांवरचं जेवत होत्या, त्यांना काही अडचण नव्हती. आत्याला चालतं.

निघताना मनी दारात म्हणाली, "आई, तुला माझ्या घरचं पाणीपण नको झालं का गो?" हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. मी म्हणाले, उद्या आपल्या घरी जायचंच आहे. लॉजात येऊन मी सुकटीशी भाकरी खाल्ली. आरशात मी खाताना दिसत होते.

दवाखाना

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मनीला डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं. सकाळी वन्सं अंघोळीला शिरल्या आणि गरम पाण्याखालून बाहेर येईनात. मला उशीर होत होता. मी बाहेरून हाक मारून सांगितलं आणि निघाले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि गाडीचं नाव काढायचं नाही असं सांगितलं. मनीचा रक्तदाब वाढला होता. पहिलं तसं झालेलं, त्यामुळे इथून हलायचं नाही, बाळंतपण इथेच. पडून राहायचं, मीठ कमी. मी बाकावर बसले होते तिथेच राहिले. मनी रडायला लागली. आईकडे जायचंय एवढंच म्हणत होती. पहिलं बाळंतपण माहेरी. तिने सगळं मनात मांडून ठेवलं होतं, माझ्या चुलीजवळची जागासुद्धा.

तेवढ्यात जावयांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मामी, लॉजवाल्याचा फोन हाय. तुमच्या खोलीत एक बाई बाहेरून कोंडलीय. दुसरी किल्ली मालकाकडं, मालक अलिबागला."

माझा हात पदराकडे गेला. किल्ली तिथेच होती. खोली कधीच उघडी ठेवायची नाही म्हणून मी कुलूप लावून आले होते.

विहीणबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "लॉज? कुठला लॉज?"

जावई किल्ली घेऊन पळाले. नंतर कळलं की वन्सं खिडकीतून खालच्या भांडीवाल्याशी गप्पा मारत होत्या. त्यांनी पातेल्याचा भावही कमी करून घेतला होता. त्यांची तक्रार एवढीच की बेल दाबून दाबून चहा मागवला तो दाराबाहेर गार झाला.

पण विहीणबाई मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर एकच वाक्य बोलल्या. "तीन खोल्यांचं घर हाय आमचं, अन् तुम्ही भाड्याच्या खाटेवर निजलात." एवढ्या मोठ्या आवाजाची बाई हळू बोलली, म्हणून ते जास्त लागलं. मनीने माझ्याकडे बघितलंच नाही.

दुपारभर मी लॉजात येरझाऱ्या घातल्या. घरी जावं तर मनी इथे. इथे राहावं तर कुठे? दोन महिने लॉजात कोण राहतं? वरशाला राहावं तर बोललेलं मोडतं. आणि ते मोडून मनीला काही झालं तर? वन्सं म्हणाल्या, एवढं काय गो त्या पाण्यात? मी त्यांनाही सांगितलं नाही. टीव्ही चालू होता, त्यात कोणी तरी जेवण शिजवत होतं. मी उठून तो बंद केला.

विहीणबाई आल्या

दिवस मावळायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. विहीणबाई. बरोबर कोणी नाही. आत आल्या, खोलीभर बघितलं, खाट दाबून बघितली, आरशात स्वतःला बघून पदर नीट केला. मग टेबलावर लॉजवाल्यांनी ठेवलेल्या जगमधलं पाणी पेल्यात ओतून प्यायल्या.

"कोण भरतंय हे पाणी, कुठून भरतंय, म्हायती हाय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "नाय ना? ते चालतं. आमचं चालत नाय."

वन्संनी तोंड उघडलं, तसा मी त्यांचा हात धरला. मग मी बोलले. कसं बोलले ते मला आठवत नाही. म्हणाले, "तुमच्या घराला नाव ठेवत नाय मी. मनीचं पहिलं गेलं तेव्हा देवीपुढं बोलले. बाळ हातात येईस्तोवर तुमच्या घरचा थेंब नाय घेणार. तुमच्यापास्नं लपवलं, कारण सांगितलं की त्यातलं बळ जातं म्हणतात."

विहीणबाई खाटेवर बसल्या. खाली भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "मी पण बोललेय. माझं वेगळं. मला नका विचारू."

मग त्यांनी वन्संना विचारलं की लॉजात काय काय देतात. वन्संनी बोटांवर मोजून सांगितलं: खाट, किल्ली, बेल, गरम पाणी. विहीणबाई म्हणाल्या, "बेल नाय माझ्याकडं. बाकी हाय." त्यांच्या घराच्या मागे भात ठेवायची खोली आहे. वेगळी भिंत, वेगळं दार, दार मागच्या गल्लीत. भात विकून झाला होता, खोली रिकामी. "ती तुम्हाला भाड्यानं देते. किल्ली तुमच्याकडं. चूल तुमची, तांदूळ तुमचे, पाणी गल्लीतल्या सरकारी नळाचं. माझ्या घरचं काय पण नाय. मग तुमच्या देवीला काय हरकत?"

मी भाड्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या डब्यातले पापड काल सगळ्यांनी संपवले. मला एक पण मिळाला नाय. भाडं पापडात."

वन्सं म्हणाल्या, त्यांनी एवढे लॉज बघितले, असा नाही बघितला.

घर आणि कोलाड

सामान आणायला एक दिवस घरी गेले. खुराड्याला दगड लावलेला होता. सगळं जिथल्या तिथे होतं. मला वाटलं होतं, घरी पाठ टेकली की झोप लागेल. नाही लागली. आढं तेच, अंथरूण तेच, पण मनीच्या पायांची सूज डोळ्यांपुढून जाईना. सकाळी ह्यांनी विचारलं, जाशील एकटी? राहशील एवढे दिवस? मी स्टोव्ह गोणपाटात गुंडाळला. ह्यांनी तो उचलून एसटीत ठेवला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. कोंबड्यांचं मी बघतो, असं तीनदा म्हणाले.

वन्संना त्यांच्या यात्रेच्या बसचं बोलावणं आलं होतं, म्हणून मी एकटीच. एसटीने वरशाच्या अलीकडे कोलाडला उतरले, पुढे रिक्षा बघायची होती. नाक्यावरच्या हॉटेलात चहा मागितला. माझा आवाज पोऱ्यापर्यंत पोचला नसावा, त्याने मिसळ आणून ठेवली. परत ने म्हणायची लाज वाटली. खाल्ली. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं. पण आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी बाहेर बसून जेवले, आणि मी हात धुवायला गेले तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई माझ्या स्टोव्हवर लक्ष ठेवून होती. वाटेत अशी माणसं असतात हे घरी बसून कळत नाही. पण हेही लिहिते की ते कळल्याने जायची हौस काही वाढली नाही.

मागचं दार

त्या खोलीला भाताच्या कोंड्याचा वास होता, म्हणून मला ती पहिल्या दिवशी बरी वाटली. विहीणबाईंनी खरोखर किल्ली दिली, आणि खोलीत यायच्या आधी बाहेरून कडी वाजवायच्या. "लॉज हाय बाबा, विचारून यावं," असं मोठ्याने म्हणायच्या, गल्लीला ऐकू जाईल असं. त्यांच्या स्वयंपाकघरातली भाजी भिंतीपलीकडून वास द्यायची, आणि मी माझी भाकरी थापायचे. आणि या खोलीला उंबरठा होता. मी त्यावर हळदकुंकू वाहिलं.

मनी दोन दिवस आली नाही. रागावली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. तिला पडून राहायला सांगितलं होतं, म्हणून विहीणबाईंनी दंडाला धरून हळूहळू आणलं होतं, पुढच्या दाराने बाहेर, घराला वळसा घालून मागच्या दाराने. हातात पिशवी, पिशवीत दोन साड्या. विहीणबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"घ्या तुमची लेक," त्या म्हणाल्या. "माहेरी पोचती केली. लांबचा प्रवास झाला, दमलीय."

मी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं. माहेरी आलेल्या मुलीचं करतात ते सगळं केलं. मनी आत येऊन चुलीजवळ, म्हणजे स्टोव्हजवळ, अंथरुणावर पडली. पडल्या पडल्या म्हणाली, "आई, आपल्या घरचा वास येतो गो इथं." सुकट होती, तिचा वास. पण तिला मीठ वर्ज्य होतं, सुकट मीच खायची.

झोप मला तिथेही नीट लागली नाही. रोज पहाटे वाटायचं, उधाण आलं असेल, बांध फुटला असेल. फोनवर ह्यांना विचारायचे आणि ते म्हणायचे, घर आहे तिथेच आहे. मी दिवसभर पापड लाटायचे, विहीणबाई गच्चीवर वाळवायच्या. भाडं वेळेवर जायचं.

नववा भरला आणि एका दुपारी मनीला कळा लागल्या. दवाखान्याच्या बाकावर मी आणि विहीणबाई. मी उठायचे, बसायचे, परत उठायचे. त्या हलल्या नाहीत, पिशवी पोटाशी धरून बसून होत्या. दुसऱ्या दिवशी उजाडताना आयाने हाक मारली आणि मुलगी माझ्या हातात दिली. केसाळ, रागावलेली, मुठी आवळलेली. मनी आत बरी होती. दारातून मनीकडे बघून मी मान हलवली.

विहीणबाईंनी तेव्हा पिशवी उघडली. आत पाण्याची बाटली होती.

"घरनं भरून आणलंय," त्या म्हणाल्या. "कालपासून धरून बसलेय."

माझ्या दोन्ही हातांत बाळ होतं. म्हणून बाटली त्यांनीच माझ्या तोंडाला लावली. पाणी कोमट झालं होतं, प्लास्टिकचा वास लागला होता, अर्धं माझ्या पदरावर सांडलं. मी सगळं प्यायले.